ब्रश पुसलेली पानं

२०२१ साली मी एकोणसत्तर वर्षांचा होतो आणि माझ्या हाताला चौदा वर्षं काम नव्हतं. हात शाबूत होता. हे आधी सांगून ठेवतो, कारण लोकांना वाटतं म्हाताऱ्याचा हात थरथरायला लागला म्हणून त्याने धंदा सोडला. मी काही सोडलं नाही. उल्हासनगरात फ्लेक्स छापायची मशिनं आली आणि ज्या दुकानदारांच्या तीन पिढ्यांच्या पाट्या मी रंगवल्या ते एका दिवसात छापून घ्यायला लागले. दोन वर्षांनी माझी शिडी भंगारात गेली. तेव्हाही हात सरळ रेघ मारत होता, आजही मारतो, पट्टीशिवाय.

शाळा चौथीपर्यंत. बाप अंबरनाथला दारूगोळ्याच्या कारखान्यात हमाल होता, त्याला वाटायचं मी पण तिथेच चिकटावं. मी उल्हासनगरच्या कॅम्प एकमधल्या एका पेंटरकडे जाऊन बसलो आणि उठलोच नाही. मराठी, हिंदी, इंग्रजी, सिंधी, चारही भाषांच्या पाट्या केल्या. सिंधी अक्षर उजवीकडून डावीकडे जातं, त्याचं मला काही नव्हतं. शेठ चिठ्ठीवर नाव लिहून आणायचा, मी चिठ्ठीवर चौकोन आखायचो, पाटीवर मोठे चौकोन आखायचो, आणि एकेका चौकोनातलं वळण तिकडे उचलून ठेवायचो. पाटी झाली की शेठ खाली रस्त्यात उभा राहून मोठ्याने वाचायचा, मग मला कळायचं मी काय लिहिलं ते. "वाह साईं, मोती पिरोए हैं," म्हणायचा. मोती ओवले ते खरं. काय ओवलं ते दुसऱ्याने सांगायचं.

आता लिहितोच आहे तर हेही लिहितो. मला पाटी वाचता येते, बातमीचा मथळा येतो. पण पुस्तकात एका ओळीच्या शेवटी पोचेपर्यंत मी तिची सुरुवात विसरलेला असतो. हे मी कोणाला सांगितलं नाही. बायकोला लग्नाच्या पहिल्या महिन्यात आपसूक कळलं. तिने ते कधी तोंडातून काढलं नाही. त्याबद्दल मी तिचे आभार मानले नाहीत. घरातलं उणं घरातल्यांनी झाकायचंच असतं, त्यात आभार कसले.

ती मॅट्रिक आहे. लग्नात तिच्या ट्रंकेतून एक जाड कादंबरी आली. तिचा बाप कोर्टात शिपाई होता, त्याने मुलीला दिलेली. जुन्या काळातली, नावाजलेली, पूर्वी घरोघरी असायची म्हणतात. तिला खाकी कागदाचं कव्हर, पाठीला कापडाची पट्टी. चाळीस वर्षं मी त्या पुस्तकाकडे बघून एकच वाक्य बोलत आलो, की कादंबऱ्या म्हणजे रिकामटेकड्या बायकांचा उद्योग. ती ऐकून घ्यायची आणि वाचायची.

मुलाने अंबरनाथच्या पुढे चिखलोलीला ब्लॉक घेतला, आम्हाला तिथे ठेवलं आणि स्वतः नोकरीसाठी पुण्याला गेला. आजूबाजूला अर्धे टॉवर उभे, अर्धे व्हायचेत. स्टेशन होणार, स्टेशन होणार, हे रोज ऐकायचं. ओळखीचं कोणी नाही. दुपारी जेवण झालं की ती खाटेवर बसून पुटपुटत वाचायची आणि मी गॅलरीच्या दारात बसून क्रेन बघायचो. एके दिवशी म्हणालो, "पुटपुटतेस काय, मोठ्याने वाच. मला कान आहेत."

तिने चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "पहिल्यापासून वाचू?"

"मग काय मधून?"

नातीची अर्धी सोडलेली चित्रकलेची वही पडलेली होती. बायको वाचत गेली आणि माझा हात चालायला लागला. कादंबरीतली बाई लग्न होऊन बैलगाडीतून नवऱ्याच्या गावी येते तिथून सुरुवात आहे. मी गाडी काढली, बैल काढले, जू कसं बांधतात ते नीट काढलं. संध्याकाळी तिने बघितलं आणि म्हणाली, "बैलांना चेहरे दिलेत तुम्ही. तिला द्यायचा राहिला." दुसऱ्या दिवशी तिलाही दिला.

मग ते रोजचंच झालं. मी उल्हासनगरला जाऊन जाड कागद, शाई, रंगाच्या वड्या आणल्या. आधी प्रकरण ऐकायचं, मग त्यातलं एक चित्र. कधी एका चित्राला दहा दिवस. मला उजेड डावीकडून लागतो, म्हणून माझं तोंड गॅलरीकडे आणि पाठ तिच्याकडे असायची. ती मागे वाचतेय, मी पुढे काढतोय. असं तीन वर्षं चाललं. त्यात पहिलं दीड वर्ष ती भराभर वाचायची. नंतर सावकाश वाचायला लागली, मध्ये थांबायची, पाणी प्यायची. मला वाटलं डोळे. मी म्हटलं, "नंबर वाढलाय तुझा." ती म्हणाली, "वाढला असेल."

आणि गोष्टही रंगात आली. पहिल्यापासून ती बाई नुसती सोसत होती. नवरा संस्थानातला कारकून, डोकं भडक, ती चूल आणि सासू आणि मान खाली. छत्तीस चित्रांत मी तिची मान वर केली नाही, कारण पुस्तकातच नव्हती. सदतिसाव्याला ती धाकट्या बहिणीकडे निघाली. हातात पिशवी, पायात वहाणा नाहीत. मग बहिणीचं घर, शेजारीण, शिवणयंत्र, चिंचेचं झाड. हाताला काम आलं की माणसाचे खांदे बदलतात, ते मला माहीत आहे, ते मी दाखवलं. आणि साठावं चित्र. नवरा तिला न्यायला येतो. उन्हात अंगणात उभा. ती अर्धं दार उघडून तांब्या पुढे करते. तो पाणी पितो. ती तांब्या परत घेते आणि दार लावून घेते.

त्या चित्राला मी महिना दिला. नवऱ्यासाठी फुकटात उभं राहणारं कोण, म्हणून आरशात बघून माझाच चेहरा काढला, चाळीस वर्षं कमी करून. काढताना एकदा मनात आलं होतं. आमचीही असंच एकदा बदलापूर गावात, नदीच्या अंगाला, तिच्या बहिणीकडे जाऊन बसली होती. लग्नाला दोन वर्षं झाली होती, नवी नवी गोष्ट. मी आणायला गेलो, तिने दारातून पाणी दिलं, मी प्यालो, आणि ती पिशवी घेऊन मागून आली. मी हे मित्रांना पुष्कळदा सांगितलंय, एक शब्द न बोलता बायको परत आणली म्हणून. मला वाटलं, सगळ्या घरांत असंच होत असणार, म्हणून पुस्तकात आलं. एकसष्टावं चित्र नुसतं बंद दाराचं आहे.

आमच्या खालच्या मजल्यावर एक निवृत्त मास्तर राहतात. वर आले होते मीटरच्या भानगडीसाठी, भिंतीवरची चित्रं बघून उभेच राहिले. पहिली पाच-सहाच लावलेली होती. ती बघून त्यांनी कादंबरीचं नाव ओळखलं. त्यांनी वर्षानुवर्षं शिकवलेली. बदलापूरच्या एका वाचनालयाच्या कमिटीवर आहेत. म्हणाले, "आमच्या हॉलमध्ये लावू या सगळी. ज्येष्ठ चित्रकार म्हणून तुमचा सत्कार."

चित्रकार. मला हा शब्द आजवर कोणी लावला नव्हता. अरे पेंटर. पेंटर आया क्या. पेंटर, चाय पियेगा. पन्नास वर्षं एवढंच. मी वरवर मान हलवली, पण त्या एका शब्दासाठी मी काहीही केलं असतं. अट एकच घातली, दाराशी फ्लेक्स लावायचा नाही, पाटी मी रंगवणार. कादंबरीचं नाव वर मोठं, खाली "चित्रे" आणि माझं नाव. आठ दिवस घेतले पाटीला.

बायकोला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "कशाला? घरातली गोष्ट घरात बरी."

"तुला काय कळतंय त्यातलं."

"मास्तरांना येते का ती कादंबरी?"

"येते म्हणजे? शिकवलीय त्यांनी."

ती आत गेली आणि कुकर लावला. मला वाटलं, नवऱ्याचं नाव होतंय ते खुपतंय हिला.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी सकाळी आम्ही हॉलमध्ये दोऱ्या बांधून चिमट्यांनी एकसष्ट चित्रं ओळीने लावली. चार जण खुर्च्या मांडत होते. मास्तर हात मागे बांधून पहिल्या चित्रापासून निघाले. "वा. हा प्रसंग अगदी हाच. वा." छत्तीसपर्यंत वा वा. सदतिसाव्यापाशी थांबले. मागचं बघितलं, पुढची दोन बघितली, परत आले.

"हे काय आहे हो?"

"ती बहिणीकडे निघते ते."

"कुठली बहीण?"

"तिची. धाकटी."

"तिला बहीण नाहीये."

मी हसलो. "मास्तर, वय झालं तुमचं. विसरलात."

त्यांनी कपाटातून वाचनालयाची प्रत काढली, पान शोधलं आणि वर्गात वाचतात तसं उभ्याने वाचलं. ती बाई अंथरूण धरते. नवऱ्याला पश्चात्ताप होतो. तो उशाशी बसतो. ती त्याच्या पायावर डोकं ठेवून म्हणते, माझं काही चुकलं असेल तर क्षमा करा, आणि मरते. तो तिच्या नावाने गावात विहीर बांधतो. संपलं. खुर्च्या मांडणारे थांबून ऐकत होते. त्यातला एक साठाव्या चित्राकडे बोट करून दुसऱ्याला म्हणाला, "मग हा आजोबांसारखा दिसणारा कोण पाणी पितोय?"

"तुम्ही वाचलंत कुठलं?" मास्तरांनी विचारलं.

मी वाचलं नाही, ऐकलं, हे तेव्हा सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं ते आज कळतं. तेव्हा तोंडातून निघालं, "माझ्या प्रतीत आहे."

"मग प्रत आणा. बघू तरी."

"आणतो," म्हटलं आणि रिक्षा धरली. रस्ताभर माझी खात्री होती की मास्तरांचीच प्रत खोटी. जुन्या पुस्तकांच्या आवृत्त्या बदलतात, असं ऐकलेलं.

ती स्वयंपाकघरात मेथी निवडत होती. मी खाटेवरून पुस्तक उचललं, उलटं धरलं आणि मागून उघडलं. आतलं शेवटचं पान एका वाक्याच्या मध्यात तुटत होतं. पुढे पानं नव्हती. शिवणीपाशी फाटलेल्या कागदाचे दात होते, बोटभर जाडीचे, आणि त्यांच्या कडांना लाल रंग वाळून काळपट झालेला. अर्ध्या इंची चपट्या ब्रशाचा फटकारा. तो ब्रश मी अंधारात ओळखीन.

मी पुस्तक तिच्यापुढे मेथीच्या ताटात ठेवलं.

"पानं कुठायत?"

"तुम्हीच विचारताय होय," ती म्हणाली. काडी मोडायची थांबली नाही. "रंग ओळखा. कोणाचा आहे?"

ओळखला. अंबरनाथच्या खोलीत एका लाँड्रीची पाटी घरी आणून रंगवली होती. लाल अक्षर, पांढरी कड, खाली इस्त्रीचं चित्र. पाटी डोळ्यांपुढे लख्ख आली, त्या अक्षरांना मी किती तिरका कल दिला होता तोही आला. ब्रश कशाला पुसला ते काही केल्या आठवेना.

"वर्तमानपत्र होतं घरात," ती म्हणाली.

"वर्तमानपत्र शाई सोडतं. पांढऱ्या रंगात काळं उतरतं. जुन्या पुस्तकाचा कागद तेल पितो."

"तेव्हाही हेच म्हणालात. शब्दाला शब्द."

मी खाली बसलो. गुडघे दुखतात, तरी फरशीवर बसलो.

"मग दीड वर्ष तू मला काय वाचत होतीस?"

"वाचावंसं वाटलं ते."

"आणि खरं काय होतं ते तुला माहीतच नव्हतं?"

"पाठ होतं. लग्नाआधी तीनदा वाचलेलं. पानं गेली तेव्हा आठ दिवस घास उतरला नाही माझा. मग एक दिवस वाटलं, ब्रश पुसायच्याच लायकीची होती ती पानं. मरताना माफी कोण मागतंय, तर तीच."

"म्हणून तू बहिणीकडे गेली होतीस? पानांसाठी?"

"तुम्हाला कशासाठी वाटलं?"

"आईशी वाजलं होतं ना तुझं."

"तुमच्या आईशी माझं रोज वाजायचं. रोज जात होते का मी?"

पंचेचाळीस वर्षं मी ती गोष्ट चारचौघांत सांगत आलो आणि ती शेजारी चहा ओतत ऐकत आली.

"मग परत कशी आलीस?"

"पाणी प्यालात, तांब्या ओट्यावर उपडा घातलात आणि म्हणालात, चल, गाडी चुकेल. माझ्या बहिणीचा नवरा आतून बघत होता. त्यांच्या घरी तरी किती दिवस बसणार. उचलली पिशवी."

"चित्रातलीने नाही उचलली."

"ती माझ्या हातात होती," ती म्हणाली आणि ताटातून पुस्तक काढून पदराने पुसलं. त्याला मेथीची माती लागली होती. "मास्तरांना सांगते हवं तर. माझं वाचायला चुकलं म्हणून."

"कोणाला काही सांगायचं नाही."

मी पुस्तक न घेता परत गेलो. मास्तरांना म्हटलं, प्रत फाटलेली आहे. त्यांनी पुढे विचारलं नाही. कळलं असणार, मास्तर माणूस, वाचताना अडणारी चौथीची मुलं त्यांनी पुष्कळ बघितलेली. खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "हरकत नाही. छत्तीस ठेवू. तेवढी उत्तम आहेत. उद्याचा सत्कार तसाच."

"आणि पुढची पंचवीस?"

"ती घरी ठेवा ना. तुमची कल्पना म्हणून."

"माझी कल्पना नाही ती."

"अहो, पण कादंबरीत नाहीये हे. लोक मला हसतील."

"लावायची तर सगळी. नाहीतर एकही नाही."

"या वयात असा हट्ट बरा नव्हे."

मला वय काढलेलं चालत नाही. मी पहिल्या चित्रापासून चिमटे काढायला सुरुवात केली. कोणी मदतीला आलं नाही, कोणी अडवलंही नाही. एकसष्ट चित्रं आणताना ज्या चादरीत बांधली होती तिच्यातच बांधली. मास्तर दारापर्यंत आले. "पाटी इतकी सुंदर रंगवलीत, तिचं काय करू?"

"ठेवून घ्या. पाटीत काही चूक नाही."

संध्याकाळी पाचला घरी आलो. तिने गाठोडं बघितलं. जेवणार का विचारलं, मी नाही म्हटलं, तिने एकटीचं वाढून घेतलं. सत्काराबद्दल तिने विचारलं नाही. माझ्या मनात सारखं एकच येत होतं, की हिने मला फसवलं. दीड वर्ष माझ्या पाठीमागे बसून, फाटकं पुस्तक मांडीवर धरून, नसलेली पानं उलटत राहिली. माझं सगळ्यात चांगलं काम हिच्या खोट्यावर उभं आहे. आणि मागोमाग लाँड्रीची पाटी यायची. लाल अक्षर, पांढरी कड. ते काम मी स्वच्छ केलं होतं. एक थेंब इकडेतिकडे नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी, ज्या वेळी माझा सत्कार व्हायचा होता त्या वेळी, मी गॅलरीच्या दारात बसलो, कागद फळीला लावला आणि कोणी काही वाचून दाखवत नसताना पहिल्यांदा चित्र काढलं. अंबरनाथची खोली. भिंतीला टेकवलेली पाटी. तिच्यापुढे उकिडवा बसलेला तरणा पेंटर, एका हातात ब्रश, दुसऱ्या हातात पुस्तकातून फाडलेलं पान, आणि त्याची नजर त्या पानावर. कोपऱ्यात सदतीसच्या आधी बसेल असा नंबर टाकला. छत्तीस अ.

ती चहा घेऊन आली आणि मागे उभी राहिली.

"चुकलंय," मग म्हणाली. "पानाकडे बघत नव्हतात तुम्ही."

"मग?"

"पाटीकडे बघत होतात."

मी खोडरबर घेतला, चेहरा पुसला आणि मान पाटीकडे वळवून पुन्हा काढला.